एका दिवसाची सहल: हिशेब परतीच्या गाडीपासून

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून तालुक्याच्या गावापर्यंत एसटी स्वस्तात नेते. खिसा हलका होतो तो तिथून पुढे. एरंडोलहून पद्मालयचं गणपती मंदिर, चाळीसगावहून पाटणादेवी, अडावदहून उनपदेव: अंतर थोडं, पण थेट गाडी मोजकी, आणि ऐनवेळी रिक्षावाला म्हणेल तो भाव. म्हणून आधी हा शेवटचा टप्पा पक्का करायचा, मग ठिकाण.

त्यासाठी आगाराच्या चौकशी खिडकीवर दोनच प्रश्न विचारा. तिथून परतीची शेवटची गाडी किती वाजता? आणि ती रविवारी असते का? खेड्यावरच्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या वेळेला बांधलेल्या असतात, सुट्टीच्या दिवशी त्या बंद. दुसरी फसगत मुक्कामी गाडीची. संध्याकाळी गावात शिरलेली एसटी पाहून लोक निर्धास्त होतात, पण ती रात्री तिथेच थांबते आणि सकाळी निघते. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी आपली समजून परतीची वेळ ठरवली की धावपळ उरत नाही.

आता तिकीट. समजा घरात नवरा-बायको, ७८ वर्षांची आजी, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा आहे. एसटीत बाईला अर्धं तिकीट (मार्च २०२३ पासून), ७५ वर्षांपुढच्यांना मोफत, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, पाचच्या आतल्यांना तिकीटच नाही. म्हणजे पाच माणसं दोन पूर्ण तिकिटांत जातात. ६५ ते ७५ वयाचे आजोबा असतील तर त्यांचं अर्धं. आधार कार्ड मूळ न्या, वयाचा पुरावा नसेल तर कंडक्टर पूर्ण तिकीट फाडतो आणि त्यात त्याची चूक नसते. महिला आणि ज्येष्ठांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते.

रेल्वेचं गणित वेगळं. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, बायकांना सवलत नाही, त्यामुळे याच कुटुंबाला साडेतीन तिकिटं लागतात. तरीही पॅसेंजरचं मूळ भाडं इतकं कमी आहे की जळगाव-अमळनेर, नंदुरबार-दोंडाईचा, भुसावळ-बुऱ्हाणपूर अशा टप्प्यांवर रेल्वेच परवडते. एक जपायचं: पॅसेंजरचं तिकीट काढून एक्स्प्रेसमध्ये चढू नका. भाड्यातला फरक आणि वर किमान २५० रुपये दंड, म्हणजे सगळी बचत एका सहीत गेली.

दोन-तीन कुटुंबं मिळून जात असाल तर क्रूझर किंवा काळीपिवळी ठरवणं फायद्याचं. भाव करताना डिझेल, टोल, पार्किंग आणि थांबण्याचे तास त्यातच धरले आहेत ना, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि निम्मे पैसे परत आल्यावर द्या. भांडण बहुतेक वेळा ‘वेटिंग’वरून होतं.

कुठे, हे ऋतू ठरवतो. मार्च ते जूनमध्ये दिवसाची सहल विसरा. भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा उघड्या किल्ल्यावर पोरांना नेणं म्हणजे दवाखान्याचं बिल ओढवून घेणं. त्या दिवसांत संध्याकाळी जळगावचा मेहरूण तलाव किंवा धुळ्याचा नकाणे तलाव, नाहीतर जळगावजवळच्या जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ, म्हणजे गांधीजींवरचं संग्रहालय. ते २०१२ मध्ये सुरू झालं आणि संग्रहालय आत असल्यानं ऊन लागत नाही.

पावसाळ्यात पाटणादेवी आणि यावल तालुक्यातली मनुदेवी. पाटणादेवी चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत. चंडिकादेवीचं जुनं दगडी मंदिर आहे आणि भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेला शिलालेख इथलाच. धबधबे पाहायला ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम, पण ओढ्यात उतरू नका. पाऊस वर घाटमाथ्यावर पडतो, खाली ऊन असतं आणि पाणी मात्र चढतं. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात पूर आला तेव्हाही पाणी वरच्या डोंगरातूनच उतरलं होतं. पाणी गढूळ झालं किंवा काड्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला की लगेच काठ सोडायचा. नवरात्रात बस जास्त असतात, पण गर्दीत लहान मुलं सांभाळणं कठीण.

हिवाळा हाच खरा हंगाम. आजी-आजोबा बरोबर असतील तर मुक्ताईनगर-चांगदेव करा: कोथळीचं मुक्ताईचं मंदिर, मग तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं काळ्या दगडाचं मंदिर. चढ नाही, सावली आहे. उनपदेवला गरम पाण्याच्या झऱ्यावर आंघोळ करता येते, कोरडे कपडे आणि जुनी चादर मात्र न्या. अंगात ताकद असलेल्या पोरांना धुळ्याजवळचा लळिंग किल्ला. चढाई सकाळी सातला सुरू करा, वर पाण्याची खात्री धरू नका. अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात मंगळवार सोडून गेलात तर रांग वाचते.

अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर. सोमवारी लेणी बंद असतात आणि चुकून सोमवारीच पोहोचणारे दर आठवड्याला असतातच. भारतीयांना तिकीट ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना मोफत. खासगी गाडी फर्दापूर टी-पॉइंटला सोडावी लागते, पुढचे चारेक किलोमीटर शटल बसनं. तिचं भाडं वेगळं, तेही हिशेबात धरा.

एक रात्र राहायचं असेल तर तोरणमाळ. शहाद्याहून घाटरस्ता, उंची हजार मीटरच्या वर, डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी, त्यामुळे सगळ्यांची ब्लँकेटं घरूनच. महाशिवरात्रीच्या यात्रेत राहायला जागा मिळणं अवघड. वीकेंडऐवजी मंगळवार-बुधवार गाठलात तर भावही नरम असतो.

जेवण घरूनच न्या, हॉटेलातली शेवभाजी पाच जणांना प्रवासाच्या तिकिटांपेक्षाही महाग पडू शकते. दशम्यांचं पीठ दुधात भिजवलं की दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, माणशी चार पुरतात. गरम असताना डब्यात कोंबू नका, वाफ धरते आणि दुपारपर्यंत वास येतो. सोबत शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. बटाट्याची ओली भाजी टाळा. पाणी हिवाळ्यात माणशी दोन लिटर, ऑक्टोबरच्या उन्हात तीन. केळी घेताना थोडी कच्ची घ्या आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवा, खाली दशम्यांचा डबा.

आणि सगळ्यात स्वस्त सहल म्हणजे नातेवाइकाच्या शेतात भरीत. दहा माणसांना तीन किलो हिरवी-पांढरी मोठी वांगी, पावशेर हिरवी मिरची, शंभर ग्रॅम लसूण, अर्धा किलो पातीचा कांदा, कोथिंबीर, शेंगदाणे, तेल. वांग्यांना आधी सुरीनं भोकं पाडा, नाहीतर आत वाफ कोंडून ती फुटतात. जाळ तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा. पऱ्हाट्याही (कपाशीच्या काड्या) चालतात, पण कपाशीवर फवारणी किती झाली ते विचारून. वांगी सोलून, लाकडी भांड्यात मुसळीनं कांडून, तेलात परतलेली मिरची-लसूण घालून कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर वाढा. जाळ उभ्या पिकापासून आणि सुक्या गवतापासून दहा पावलं लांब, वाऱ्यानं ठिणग्या तिकडे उडणार नाहीत अशा बाजूला. निघताना राखेवर दोन बादल्या पाणी ओता आणि हात लावून गार झाल्याची खात्री करा.