इंजिनात नट पडला? आधी हात थांबवा आणि या चुका टाळा

टॅपेट सेट करताना (म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवताना), प्लग काढताना, कार्बोरेटर उतरवताना एखादा नट, वॉशर, लॉक आत पडणं हे होतंच. सांगलीत गॅरेजवाल्या कुणालाही विचारा, प्रत्येकाचं कधी ना कधी पडलेलं असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाय. पण पडल्यावर जी घाई करतात ना, ती बघून आता खरंच वैताग आलाय, म्हणून लिहितोय.

इंजिन फिरवून बघणं

"एक किक मारू, येईल बाहेर." "जरा सेल्फ मार, खाली जाईल." हे अजिबात करू नका. पिस्टन वर आल्यावर कडेला हेडमध्ये आणि त्याच्यात साधारण मिलिमीटरभर जागा उरते आणि दहाचा पाना लागतो तो साधा नटसुद्धा पाच मिलिमीटर जाड असतो. तो कुठं जाणार सांगा? व्हॉल्व्ह वाकतो, पिस्टनच्या डोक्यावर खड्डे पडतात, प्लगचं टोक चेपतं. नट नुसता पडून असेल तर तो काढायचं काम असतं, फिरवला की हेड उतरवायचं काम होतं.

ऊस हंगामातली गोष्ट सांगतो. पलूसकडचा एक ट्रॅक्टर, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या भरलेल्या, टॅपेटचा आवाज यायला लागला म्हणून वाटेत कुणालातरी दाखवला. त्यानं वरचं कव्हर काढलं, टॅपेट सेट करताना लॉकनट बोटातनं सटकला आणि पुशरॉडच्या, म्हणजे कॅमचा धक्का वर व्हॉल्व्हकडं नेणाऱ्या दांडीच्या, भोकातनं खाली गेला. मालक शेजारीच उभे. त्यांना म्हणाला, "आण्णा, चेंबरमध्ये, खाली ऑइल साठतं तिथं, जाऊन बसतंय ते, काय होत नाय, ऑइल बदलताना निघंल." आता मालकाचीपण घाई समजून घ्या, तोडलेला ऊस उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, कारखान्यावरची पाळी जाते, टोळी शेतात थांबलेली असते. केला चालू आणि निघाले. थोडं अंतर गेल्यावर ठोकल्यासारखा आवाज, मग बंदच. टोचन करून माझ्याकडं आणला.

चेंबर खोलला तर नट तिथं नव्हताच. वरनं पडलेली वस्तू सरळ चेंबरमध्ये जाते हाच मोठा गैरसमज आहे, मधे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट आहे, त्याच्यावर टेकलेले टॅपेट आहेत, ब्लॉकच्या आतल्या बाजूला कंगोरे आहेत, कुठंही अडकते. हा नट कॅम आणि टॅपेटच्या मधे सापडला होता. टॅपेटची कड तुटलेली, एक पुशरॉड वाकलेला, कॅमचा टवका उडालेला आणि ते सगळे तुकडे ऑइलमध्ये. पुढचं टायमिंग कव्हर, गिअर, कॅमशाफ्ट सगळं बाहेर काढावं लागलं, आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा. वाईट याचं वाटतं की त्या इंजिनाला टॅपेटच्या बाजूला साइड कव्हर होतं. चार बोल्ट काढून मॅग्नेट घातला असता तर नट तिथंच हाताला लागला असता. त्या माणसाला काम येत नव्हतं असं मी म्हणत नाही, त्याला थांबता आलं नाही.

म्हणून माझी सवय अशी, काहीही पडलं की आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, म्हणजे चुकून कुणी सेल्फ मारणार नाही, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर ढकलायचीपण नाही.

न सांगणं

नवीन पोरं घाबरतात आणि सांगतच नाहीत. आयटीआय करून आलेला एक पोरगा माझ्याकडं होता, हुशार, हात चांगला. स्प्लेंडरचा पिस्टन काढताना पिनेची सर्कलिप (पिन सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना एकेक बसवतात ती स्प्रिंगची कडी) उडाली. त्यानं इकडंतिकडं बघितलं, दिसली नाही, म्हणजे बाहेरच पडली असणार असं स्वतःच ठरवलं आणि नवीन सर्कलिपा घालून ब्लॉक चढवायला घेतला. मी ट्रेमध्ये बघतो तर जुनी सर्कलिप एकच. थांबवलं, टॉर्च मारून बघितलं तर क्रँकच्या पाकळीला चिकटून बसलेली. तशीच राहिली असती तर क्रँककेसचं काय झालं असतं याचा विचार करा. मी त्याला ओरडलो नाही. ओरडणाऱ्या उस्तादाकडं पोरं लपवायला शिकतात आणि त्याची किंमत गिऱ्हाईक देतं, हे माझं ठाम मत आहे.

जुना पार्ट फेकायचा असला तरी काम संपेपर्यंत ट्रेमध्ये राहू दे. जमिनीवर सापडला नाही तर तो आतच आहे असं धरून चालायचं, हातात येईपर्यंत. आणि सर्कलिपला हात लावायच्या आधी कनेक्टिंग रॉडच्या भोवती क्रँककेसचं तोंड कापडानं बंद करायचं. एकच मोठं, धुतलेलं कापड, शेपटी बाहेर लोंबती ठेवून. वेस्ट कॉटन नको, त्याचे धागे आत राहतात आणि ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतात.

बाकीच्या चुका

मॅग्नेट सगळ्याला चालत नाही. ॲल्युमिनियम, पितळ, इंजेक्टरखालचं तांब्याचं वॉशर चिकटणार नाही, तिथं तारेच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून उचला. आणि लोखंडी ब्लॉकमध्ये मॅग्नेट घातला की तो भिंतीलाच चिकटत बसतो, त्याच्यावर प्लास्टिकची नळी चढवा, नुसतं टोक उघडं ठेवा, मग बघा किती सोपं जातं.

कॉम्प्रेसरची हवा मारू नका, वस्तू होती तिथनं अजून अवघड जागी जाते. व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून ओढायची युक्ती चांगली आहे पण पेट्रोलचा वास असेल तिथं अजिबात नको, मोटरच्या ठिणगीनं भडका उडू शकतो.

टायमिंग चेन सोडताना तारेनं बांधून ठेवा, नाहीतर तीच आत पडते.

मोबाइलला लावायचा कॅमेरा घ्या. अंदाजानं तार ढोसत बसण्यापेक्षा आधी दिसलं पाहिजे.

सापडल्यावर लगेच कव्हर लावू नका. पार्ट पूर्ण आहे का बघा, व्हॉल्व्ह लॉकचे दोन अर्धे असतात, दोन्ही हातात हवेत, तुटलेली सर्कलिप असेल तर तुकडे जुळवून बघा. मग प्लग काढून पान्यानं क्रँक हातानं सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवायचा, फोर स्ट्रोकला दोन फेऱ्यांत सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून बंद होतात. कुठं अडलं तर जोर न लावता परत खोला. काही अडलं नाही तर ऑइल काढून जाळी धुवा, नवीन ऑइल भरा आणि मगच बॅटरीची वायर जोडा.