दोघांचा मोटारसायकल प्रवास आणि कोकणचा किनारा : या चुका टाळा

मी आणि माझे पती गेल्या जानेवारीत पुण्याहून ताम्हिणी घाटाने दिवेआगरला उतरलो, तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत गेलो आणि आंबोली घाट चढून कोल्हापूरमार्गे घरी परतलो. साडेतीनशे सीसीची मोटारसायकल, नऊ दिवस आणि सुमारे हजार किलोमीटर असा तो प्रवास होता. तो सगळा मी मागच्या आसनावर बसून केला असल्याने आमच्या चुका कोठे झाल्या हे मला नेमके सांगता येते. जवळजवळ प्रत्येक चुकीचे मूळ एकच होते: तयारी एकट्या चालवणाऱ्याच्या हिशेबाने झाली होती.

पहिल्याच संध्याकाळी समोरून येणारी प्रत्येक गाडी आम्हांला डिपर देऊ लागली. आमचा हेडलाइट तर खालच्या प्रकाशावरच होता. दोन माणसे आणि सामान यांच्या वजनाने गाडीचा मागचा भाग दबला होता आणि प्रकाशाचा झोत समोरच्यांच्या डोळ्यांवर जात होता. मागचे शॉक ॲब्सॉर्बर एकट्याच्या वजनाला लावलेले तसेच राहिले होते आणि मागच्या टायरमधील हवाही दोघांसाठी पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापेक्षा कमी होती. म्हणून निघण्यापूर्वी सामान बांधून, दोघांनी गाडीवर बसून, भिंतीसमोर हेडलाइटचा झोत तपासावा आणि टायर थंड असतानाच हवा भरून घ्यावी. मागचा भाग दबला की बहुतेक मोटारसायकलींत चेन अधिक ताणली जाते, म्हणून पुस्तिकेत सांगितलेली ढील राखावी, चेन त्याहून घट्ट करू नये.

सामानाची सॅक मागे बसणाऱ्याच्या पाठीवर देणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. पहिल्या शंभर किलोमीटरांतच माझे खांदे भरून आले. शिवाय बाजूला टांगलेली पिशवी सायलेन्सरला टेकून तिचे एक टोक वितळले. जड वस्तू खाली आणि शक्य तितक्या पुढे बांधाव्यात आणि पिशवी सायलेन्सरपासून किमान चार बोटे दूर राहते ना, हे गाडीवर बसूनच पाहावे.

आमची सर्वांत महाग पडलेली चूक किलोमीटर मोजून दिवस आखण्याची होती. दिवेआगरहून गुहागरला एका दिवसात पोहोचायचे ठरले होते, कारण नकाशावर ते अंतर दीडशेच्या आसपास दिसत होते. मात्र या वाटेवर बाणकोटची खाडी बागमांडला येथून आणि वाशिष्ठीची खाडी दाभोळहून फेरीबोटीने ओलांडावी लागते. मधल्या अरुंद रस्त्याला प्रत्येक गावापाशी चढ-उतार आणि वळणे आहेत. दुसरी बोट चुकू नये या घाईत बाणकोट खाडीच्या पलीकडे वेशवीला बोटीतून उतरताना मी गाडीवरच बसून राहिले. ओहोटीमुळे जेटीचा एरवी पाण्याखाली असणारा उतार उघडा पडला होता आणि त्यावर शेवाळ होते. मागचे चाक सरकले, गाडी आडवी झाली आणि माझा पाय मुरगळला. गुहागर राहिलेच, केळशीत एक दिवस जास्त मुक्काम करावा लागला.

त्यानंतर दाभोळला आणि तवसाळहून जयगडला जाताना मी प्रत्येक वेळी उतरून चालत बोटीत चढले. ओल्या उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडल सरळ ठेवून, पुढचा ब्रेक न दाबता न्यावी. बोटीत ती गिअरमध्येच बंद करून साइड स्टँडवर लावावी आणि काठ येईपर्यंत चालकाने तिच्याजवळ उभे राहावे. नंतरचे दिवस आम्ही तासांनी आखले. किनाऱ्याने शंभर-सव्वाशे किलोमीटर पुरे होतात. हेदवीची बामणघळ, जिथे भरतीचे पाणी खडकाच्या चिरेत घुसून उसळते, ती आम्हांला त्यामुळेच निवांत पाहता आली.

रत्नागिरीच्या दक्षिणेला चिरेखाणींच्या ट्रकमधून सांडलेली जांभ्या दगडाची बारीक खडी वळणांवर पसरलेली असते. तेथे मागच्याने घाबरून उलट बाजूला झुकू नये. चालकाच्या आतल्या खांद्यावरून पुढे पाहावे, शरीर आपोआप योग्य बाजूला जाते. वाळूत गाडी नेण्याचा मोह टाळावा, आणि किनाऱ्यावर मुक्काम असेल तर यजमानांना विचारून रोज गोड्या पाण्याने गाडी धुवावी. धुतलेली चेन पुसून तिला तेल दिले नाही, तर खाऱ्या हवेने ती दोन दिवसांत तांबूस होते.

हेल्मेट आणि वारा यांपुढे “अहो, थांबा” हे शब्द पोहोचत नाहीत. मला पहिले दोन दिवस पाय अवघडल्याचे सांगताच आले नाही आणि त्यांना ते कळले नाही. केळशीच्या मुक्कामात आम्ही खुणा ठरवल्या: खांद्यावर एकदा थोपटले तर वेग कमी करायचा, दोनदा थोपटले तर सुरक्षित जागा पाहून थांबायचे, आणि का थांबलो हे गाडी बंद झाल्यावरच विचारायचे. खुणा घरूनच ठरवून निघावे, आणि थांबण्याचा निर्णय मागच्याचाही असावा.

परतीच्या दिवशी आंबोलीच्या चढावर मी दोनदा थोपटले. त्यांनी रुंद जागा पाहून गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि काळजीने विचारले, “पाय दुखतोय का?” पाय दुखत नव्हता. खाली कोकण दिसत होते आणि पुढच्या वळणानंतर ते दिसणार नव्हते.