हेडफोनला वेगळा ॲम्प: घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कोणता

हेडफोन ॲम्प म्हणजे हेडफोनला जोर पुरवणारा ॲम्प्लिफायर. त्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात वॅट छापलेले असतात. निवड करताना मात्र सगळ्यात कमी उपयोग त्यांचाच होतो. ॲम्प ठरतो तो हेडफोनच्या दोन आकड्यांवरून: इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठराविक विजेला किती आवाज, डेसिबलमध्ये). हे दोन घेऊन दहा मिनिटं कागदावर हिशेब केला, की आपल्याला ॲम्प लागतच नाही हेही पुष्कळांना तिथेच कळतं.

पहिली फसगत सेन्सिटिव्हिटीची

काही कंपन्या हा आकडा १ मिलिवॅटला देतात, काही १ व्होल्टला. दोन्ही डेसिबलच, पण थेट तुलना करता येत नाही. एकेजी के७०२ वर १०५ डेसिबल लिहिलेलं असतं, ते व्होल्टमागे. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो (२५० ओहम) वर ९६, ते मिलिवॅटमागे. वाचणाऱ्याला वाटतं के७०२ कशावरही वाजेल. व्होल्टचा आकडा मिलिवॅटमध्ये आणायला ३२ ओहमच्या हेडफोनसाठी १५ वजा करा, ६२ ओहमसाठी १२, ३०० ओहमसाठी ५. के७०२ हा ६२ ओहमचा, म्हणजे खरा आकडा ९३. तेवढ्याच आवाजाला त्याला डीटी ९९० च्या दुप्पट शक्ती लागते.

किती लागेल ते काढा

शिखराला ११० डेसिबल मिळाले पाहिजेत असं धरा. सतत कोणी त्या आवाजात ऐकत नाही, ऐकूही नये. पण सरासरी ७५-८० वर ऐकताना, हळू पातळीवर ध्वनिमुद्रित झालेल्या ख्यालात एखादी तान किंवा तबल्याची थाप सरासरीच्या वीस-पंचवीस डेसिबल वर जाते, आणि ॲम्पकडून आवाज तिथे कापला जाता कामा नये.

व्होल्टेज दुप्पट केलं की ६ डेसिबल वाढतात, दहापट केलं की २०. शक्तीच्या बाबतीत दुप्पट म्हणजे ३ आणि दहापट म्हणजे १०. यावरून:

- सेनहायझर एचडी ६५० (३०० ओहम, व्होल्टला १०३): २.२ व्होल्ट, जेमतेम ७ मिलिअँपिअर.
- डीटी ९९० प्रो, २५० ओहम: २.५ व्होल्ट, १० मिलिअँपिअर.
- के७०२: १.८ व्होल्ट, २९ मिलिअँपिअर.
- हायफायमॅन एचई४००एसई (२५ ओहम, मिलिवॅटला ९१): १.४ व्होल्ट, ५६ मिलिअँपिअर.
- हायफायमॅन एचई६ (५० ओहम, मिलिवॅटला ८३.५): ४.७ व्होल्ट, ९५ मिलिअँपिअर, म्हणजे जवळपास ४५० मिलिवॅट.

जास्त ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज हवं, प्लॅनरला (सपाट पातळ पडद्याच्या हेडफोनला, वरचे दोन हायफायमॅन त्यातलेच) करंट. ‘१६ ओहमला २ वॅट’ असं वाचलं तर ३०० ओहमबद्दल त्यातून काहीच कळत नाही. समजा एखादा ॲम्प ४ व्होल्टच्या वर जात नाही आणि १०० मिलिअँपिअरच्या पलीकडे करंट देत नाही. तो ३०० ओहमला ५३ मिलिवॅट देईल, २५ ओहमला २५० मिलिवॅट. म्हणून आपल्या हेडफोनच्या जवळच्या ओहमला किती शक्ती, तेही किती डिस्टॉर्शनला (आवाजातल्या बिघाडाला) मोजलेली, ते शोधा. १० टक्के डिस्टॉर्शनवर मोजलेले वॅट सरळ सोडून द्या.

हातात आहे ते आधी मोजा

ॲपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल (हेडफोन जोडायचा अडॅप्टर) साधारण १ व्होल्ट देतो. (युरोपात विकला जाणारा त्याच्या निम्मा.) त्यावर एचडी ६५० चं शिखर १०३ ला थांबतं. पुष्कळांना तेवढं पुरतं. २०२१ पासूनचे १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रो तर १५० ओहमच्या वरचा हेडफोन ओळखून ३ व्होल्टपर्यंत देतात. त्यांच्या मालकांनी एचडी ६५० साठी ॲम्प घेण्याआधी दोनदा विचार करावा.

साधी कसोटी अशी: तुमच्याकडचं सगळ्यात हळू ध्वनिमुद्रण लावा. आवाजाचा काटा सत्तर टक्क्यांच्या आत राहून पोट भरत असेल, तर व्होल्टेज कमी पडत नाही. ॲम्पचे पैसे मग नव्या इअरपॅडला लावा, फरक जास्त ऐकू येईल.

आउटपुट इम्पीडन्स

आवाज पुरतो, तरी सूर बिघडलेला वाटतो, असं होतं तेव्हा बहुतेकदा दोष इथे असतो. साध्या डायनॅमिक (म्हणजे प्लॅनर नसलेल्या, एचडी ६५० सारख्या) हेडफोनचं इम्पीडन्स सगळ्या कंप्रतांना सारखं नसतं. एचडी ६५० नावाला ३०० ओहमचा, पण १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या घरात जातो. ॲम्पचा स्वतःचा अडथळा १२० ओहम असेल तर व्होल्टेजची वाटणी प्रत्येक कंप्रतेला वेगळी होते, आणि खर्ज साधारण १ डेसिबलने फुगतो. डग्ग्याचा घुमारा किंचित भरदार लागतो. काहींना तो आवडतोही. तोच ॲम्प ३२ ओहमच्या, आणि खर्जात ६४ पर्यंत चढणाऱ्या हेडफोनला लावला, तर फुगवटा ४ डेसिबलच्या पुढे जातो. तेव्हा घुमारा उरत नाही, नुसता गदगदाट होतो.

म्हणून नियम: ॲम्पचं आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी हवं. ३२ ला ४ ओहमच्या आत, ३०० ला ३७ च्या आत. अनेक ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या भागांच्या) इअरफोनचं इम्पीडन्स कंप्रतेनुसार फार खाली-वर होतं, त्यांना १ ओहमच्या आतलाच घ्या. प्लॅनरचं इम्पीडन्स जवळपास सपाट असतं. तिथे सूर बदलत नाही, फक्त आवाज उतरतो.

आकडा कुठे छापलेला नसेल तर घरी मोजता येतो. ५० हर्ट्झची साइन टोन (एकाच सुराचा सलग आवाज) लावा, हेडफोन काढून जॅकवर एसी व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणा. मग त्याच टोकांवर ३३ ओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा वाचा. पहिलं वाचन भागिले दुसरं, त्यातून १ वजा, गुणिले ३३. ०.५० चं ०.४० झालं तर उत्तर सव्वाआठ ओहम. स्वस्तातल्या पिवळ्या मल्टिमीटरला एसीची सगळ्यात छोटी रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर हे जमत नाही. २ व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर मागून आणा.

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पांचंही इथेच ठरतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले, म्हणजे ओटीएल, ३०० ते ६०० ओहमला छान जमतात. प्लॅनरला लागणारा करंट त्यांच्यात नसतो.

गेन आणि खरखर

टेबलावर ठेवायचे बहुतेक डॅक (डिजिटल संगीताचा विजेचा सिग्नल करणाऱ्या पेट्या) २ व्होल्ट देतात. गेन (ॲम्प व्होल्टेज किती पट करतो ते) १ असेल तर ॲम्पमधून २ व्होल्टच निघतील, अडीचपट असेल तर ५. गेन लागेल तेवढाच ठेवा. जास्त ठेवला तर नॉब घड्याळातल्या आठ-नऊच्या जागी, म्हणजे अगदी सुरुवातीलाच अडकतो, आणि तिथे स्वस्त पोटेंशिओमीटरच्या (नॉबमागच्या भागाच्या) दोन बाजू जुळत नाहीत. गायिका डावीकडे सरकते. शिवाय संवेदनशील इअरफोनवर तानपुऱ्याच्या मागे सळसळ ऐकू येते. गेनचं बटण नसलेला ॲम्प इअरफोनवाल्यांनी घेऊ नये.

बॅलन्स्ड

बॅलन्स्ड आउटपुट म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंच्या धन-ऋण तारा वेगवेगळ्या चालवणारं. त्याच्या ४.४ मिलिमीटर किंवा चार पिनी एक्सएलआर जॅकवर व्होल्टेज दुपटीपर्यंत मिळू शकतं. एचई६ ला त्याचा खरा उपयोग आहे, एचडी ६५० ला क्वचितच. एक चूक महाग पडते: बॅलन्स्ड जॅकला अडॅप्टर लावून साधा ६.३५ किंवा ३.५ चा हेडफोन जोडणं. साध्या प्लगमध्ये दोन्ही बाजूंच्या ऋण तारा एकत्र असतात. बॅलन्स्ड ॲम्प त्या दोन्ही स्वतंत्रपणे चालवत असतो, म्हणजे त्याची दोन आउटपुटं एकमेकांवर शॉर्ट होतात. उलट दिशेचा अडॅप्टर निर्धोक आहे.

वीज आणि घरी आणल्यावर

परदेशातून मागवताना अडॅप्टर २३० व्होल्टचा आहे ना, ते पाहा. काही टेबल ॲम्पांना डीसी नव्हे, एसी देणारा अडॅप्टर लागतो; प्लग बसला म्हणून दुसरा कुठलाही लावू नका.

लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर घूं आवाज येत असेल तर चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे, ॲम्पमध्ये नाही. डॅकला ऑप्टिकल केबलने जोडा किंवा मधे यूएसबी आयसोलेटर घाला.

हेडफोन लावण्याआधी ॲम्प चालू करून पाच मिनिटं ठेवा, आणि काहीही न वाजवता जॅकवर डीसी व्होल्टेज मोजा. इथे तो पिवळा मीटर चालतो, २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर. १० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ५० च्या वर गेलं तर हेडफोन लावूच नका, ॲम्प परत करा. चालू-बंद करताना ‘ठप्प’ होत असेल, तर चालू झाल्यावर प्लग घाला आणि बंद करण्याआधी काढा.