कोकण किनाऱ्यावरील सुट्टीसाठी ऋतू कसा निवडावा

मालवणजवळच्या आमच्या घरात आम्ही गेली अनेक वर्षे पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करतो. एका वर्षी 28 मे रोजी विदर्भातून एक कुटुंब आले होते. सोबत नऊ-दहा वर्षांच्या दोन मुली होत्या आणि त्यांना सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा होता. मी त्यांच्याबरोबर धक्क्यापर्यंत गेलो. ऊन लख्ख होते, किल्ला समोर दिसत होता, समुद्रही वरवर शांत वाटत होता. पण होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या, कारण साधारणपणे 26 मे ते 31 ऑगस्ट या काळात प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. मुली बराच वेळ धक्क्यावर उभ्या राहून किल्ल्याकडे पाहत होत्या. ही तारीख मी त्यांना आरक्षणाच्या वेळीच सांगायला हवी होती. त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट विचारतो: आपल्याला इथे येऊन नेमके काय करायचे आहे? महिना त्यानंतर ठरवावा. नुसते हवामान पाहून तारीख ठरवणाऱ्याची निवड हमखास चुकते, कारण इथे उघडीप असली म्हणजे समुद्र खुला असतोच असे नाही.

ज्यांना पाण्यात उतरायचे आहे, होडीतून किल्ल्यावर जायचे आहे, डॉल्फिन पाहायचे आहेत किंवा तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करायचे आहे, त्यांनी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंतचा काळ निवडावा. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ तोपर्यंत खाली बसलेला असतो आणि मालवणच्या खडकाळ किनाऱ्याजवळचे पाणी तळ दिसेल इतके निवळते. दुसरे कारण वाऱ्याचे आहे. हिवाळ्यात रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि त्यामुळे सकाळी किनाऱ्यालगतचे पाणी सपाट राहते. दुपारी जमीन तापली की खारे वारे सुटतात आणि लाटा उठू लागतात. म्हणून होडीचा प्रवास, मग तो सिंधुदुर्गाचा असो, हर्णैच्या सुवर्णदुर्गाचा असो की मुरुडच्या जंजिऱ्याचा, सकाळीच उरकावा. ज्यांना होडी लागते, म्हणजे मळमळते, त्यांनी तर दुपारची फेरी टाळावीच. जानेवारीतही दुपारचे तापमान 30 अंशांच्या आसपास असते, तेव्हा थंडीचे कपडे भरून आणण्याची गरज नाही. पहाटेसाठी एखादी शाल पुरते.

याच दिवसांत पहाटे किनाऱ्यावर गेल्यास रापण ओढताना पाहायला मिळते. होडीने लांबवर टाकलेल्या जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर असतात आणि वीस-पंचवीस माणसे दोन रांगांत, टाचा वाळूत रोवून, ते एका लयीत मागे मागे ओढत जातात. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येतात, जाळ्याचा मधला भाग उथळ पाण्यात शिरतो आणि तारली, पेडवे, बांगडे यांची चांदीसारखी तडफड सुरू होते. पाहणाऱ्याने दोराला हात लावायला हरकत नसते, फक्त आधी विचारावे. रापण पावसाळा सरल्यावर सुरू होते. पण माझ्या मते ती पाहण्याचे खरे दिवस नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा हेच आहेत, कारण 24 डिसेंबरपासून 2 जानेवारीपर्यंत किनाऱ्यावर एवढी गर्दी होते की मासेमारांनाच जागा उरत नाही. त्या दहा दिवसांत खोल्यांचे दरही चढतात. शक्य असेल त्याने ते दिवस सोडून द्यावेत आणि सोमवार ते गुरुवार असा मुक्काम करावा.

महिना ठरला की तिथी पाहावी. ही गोष्ट बाहेरून येणारे सहसा लक्षात घेत नाहीत. आमच्याकडचा जुना हिशोब असा की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पूर्ण भरती सव्वाअकराच्या आसपास आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. हिशोब ढोबळ आहे आणि जागेनुसार वेळ थोडी मागेपुढे होते, परंतु सहलीचा बेत आखण्यास तो पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी असते. त्यामुळे सूर्यास्ताला रुंद, ओल्या, पाय न रुतणाऱ्या वाळूवर लांबवर चालायचे असेल तर हेच दिवस उत्तम. गुहागर तालुक्यातील हेदवीची बामणघळ पाहायची असेल तरीही हेच दिवस घ्यावेत आणि सकाळी अकराच्या सुमारास तिथे पोहोचावे, कारण खडकाच्या त्या अरुंद घळीत शिरलेले पाणी भरतीलाच उंच उसळते. ओहोटीला गेल्यास नुसती कोरडी फट दिसते. घळीच्या अगदी कडेला मात्र उभे राहू नये.

कासवांसाठी फेब्रुवारीची अखेर ते एप्रिलचा पूर्वार्ध हा काळ योग्य. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारणपणे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालतात आणि सुमारे 45 ते 60 दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. मंडणगड तालुक्यातील वेळास आणि दापोली तालुक्यातील आंजर्ले येथे ग्रामस्थ व वनविभाग अंड्यांची राखण करतात आणि पिल्ले सकाळी व संध्याकाळी समुद्राकडे सोडली जातात. पिल्ले कोणत्या दिवशी निघतील हे कोणीही ठामपणे सांगू शकत नाही, म्हणून तिथे किमान दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा.

हापूससाठी येणाऱ्यांनी 15 एप्रिल ते 15 मे हा महिना धरावा. त्याआधीचा आंबा महाग असतो, आणि त्यानंतर वळवाचा पाऊस कधी झोडपेल याचा नेम नसतो. बाजारात मिळणाऱ्या पेटीपेक्षा बागायतदाराच्या घरची अढी पाहावी. पेंढ्याच्या थरांत ठेवलेला आंबा हलकेच बाहेर काढून देठाजवळ नाकाशी धरला की तो आज खावा की दोन दिवसांनी, हे घरातली आजी न दाबता सांगते. याच दिवसांत फणस, करवंदे, जांभळे असतात आणि अंगणात रातांब्यांची सोले, म्हणजे कोकमाच्या साली, वाळत पडलेली असतात. उकाडा मात्र खरोखर त्रासदायक असतो. तापमापकावर आकडा 33-34 दिसला तरी दमटपणामुळे घाम वाळत नाही. लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील तर सकाळी दहानंतर घराबाहेर पडू नये, आणि जांभ्याच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या सपाट कातळावरची, कातळशिल्पे पाहण्याचा बेत उन्हाळ्यात करूच नये. ती हिवाळ्यात, सकाळच्या तिरक्या उन्हात पाहावीत. तेव्हा कोरलेल्या रेषा सावलीमुळे स्पष्ट दिसतात.

अरबी समुद्रातील वादळांचे दोन काळ असतात, एक मे-जूनमध्ये आणि दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. फयान 11 नोव्हेंबर 2009 रोजी आले, निसर्ग 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि तौक्ते मे 2021 मध्ये किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा आमच्या परिसरातील कितीतरी माड आणि आंब्याची कलमे एका दिवसात आडवी झाली. वादळे दरवर्षी येतात असे नव्हे, पण या महिन्यांत निघण्यापूर्वी हवामान विभागाचा इशारा जरूर पाहावा आणि धोक्याची सूचना असल्यास सहल निःसंकोच पुढे ढकलावी.

पावसाळ्याबद्दल माझे मत अनेकांहून वेगळे आहे. ज्याला समुद्रात उतरण्याचा हट्ट नाही, त्याने जुलै किंवा ऑगस्टमध्ये एकदा तरी कोकणात यावे. नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीला अडतात आणि किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर, तर घाटमाथ्यावरील आंबोलीत त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. लावणी, धबधबे, ओट्यावर बसून पाहिलेली सर, तांदळाच्या भाकरीबरोबर खेकड्यांचे कालवण किंवा सुकटीची चटणी, एवढ्यावर ज्याचे समाधान होते त्याला हा ऋतू भरभरून देतो. ताज्या समुद्री मासळीची अपेक्षा ठेवू नये, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. लाटांच्या जवळ जाऊ नये. पावसाळ्यात किनाऱ्याची वाळू सरकते आणि काल गुडघाभर असलेली जागा आज खोल असते, हे इथल्या माणसालाही नेहमी कळत नाही. घाटातून रात्रीचा प्रवास टाळावा. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक सुरू असते आणि गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, त्यामुळे पुढच्या जोडगाडीच्या वेळेत भरपूर अंतर ठेवावे.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात सडे फुलांनी भरतात आणि गर्दीही नसते. ऑक्टोबर मात्र मी कोणालाही सुचवत नाही. पाऊस ओसरलेला, भातकापणीची घाई आणि ऊन भाजून काढणारे.

सणांचे दिवस वेगळे मोजावेत. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात, प्रत्येक घर भरलेले असते आणि गाड्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. ज्याला कोणाकडून आमंत्रण आहे त्याने त्या दिवसांत अवश्य यावे, इतरांनी ते दिवस सोडावेत. जत्रा मात्र पाहुण्यालाही सामावून घेते. कार्तिकापासून गावोगावी जत्रा आणि दशावतारी नाटके सुरू होतात. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे ती जाहीर झाल्याखेरीज बेत आखू नये. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी खुले होते. त्याच आठवड्यात उतरण्याच्या घरी दूरध्वनी करावा आणि खोलीच्या दराआधी तीन गोष्टी विचाराव्यात: होड्या चालू असतील का, त्या दिवशी तिथी कोणती आणि जवळपास कोणाच्या गावची जत्रा आहे.