परसबागेतला निशिगंध

बाजारात गुलछडी या नावाने विकला जाणारा निशिगंध मूळचा मेक्सिकोचा असला, तरी महाराष्ट्रातील हवेत तो इतका रुळला आहे की त्याचे फार लाड करावे लागत नाहीत. त्याला हवे असते ते भरपूर ऊन आणि पाणी न साचणारी जमीन. लागवड एप्रिल-मेमध्ये करावी. सुवासासाठीच लावायचा असेल, तर एकेरी फुलाचा प्रकार निवडावा; दुहेरी फूल फुलदाणीत शोभते खरे, पण गंधात ते एकेरीच्या पासंगालाही पुरत नाही, असे माझे मत आहे.

कंद निवडताना घाई करू नये. सुपारीएवढा, म्हणजे 2 ते 3 सेंटिमीटर जाडीचा आणि बोटांनी दाबला असता टणक लागणारा कंद घ्यावा. तो नुकताच खणून काढलेला असल्यास महिनाभर सावलीत पसरून ठेवावा आणि मगच लावावा. शेणखत मिसळलेल्या मातीत, कोंबाचे टोक वर ठेवून, 5 ते 6 सेंटिमीटर खोल आणि दोन कंदांमध्ये वीतभर अंतर सोडून लावावे. कोंब वर दिसेपर्यंत पाणी बेतानेच द्यावे, नाहीतर कंद सडतो.

साधारण 3 ते 4 महिन्यांत दांडे येतात आणि त्यांवरील कळ्या खालून वर उमलत जातात. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. पुढची फुले त्याच्या कडेच्या पिल्लांना येतात, म्हणून 2-3 वर्षांनी गड्डा उकरून ती पिल्ले वेगळी लावावीत.