खान्देशातून समुद्रावर: रात्रभराच्या गळ-मासेमारीची तयारी

हतनूरच्या किंवा गिरणेच्या पाण्यावर गळ टाकायची सवय असली, तरी समुद्रासाठी आधी पंचांग उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. मुंबईकडच्या किनाऱ्यावर तेव्हा पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, आणि ओढ इतकी की पाव किलोचं शिसंही तळाला थांबत नाही. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तिरका वाहत जाऊन शेजाऱ्याच्या तंगूसात गुंततो आणि अर्धी रात्र गाठी सोडवण्यात जाते. म्हणून अष्टमी ते एकादशी हे भांगाचे, म्हणजे कमी ओढीचे, दिवस धरा. भरती-ओहोटी पालटताना पाणी थोडा वेळ थांबतं. रात्रभरात अशी वेळ साधारण दोनदा येते आणि तळाचा मासा तेव्हाच चांगला लागतो. त्या वेळा लिहून ठेवा, डुलक्या बाकीच्या वेळात काढा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि ‘इन्कॉइस’ या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघा. लाटा दीड मीटरच्या वर असतील तर बेत पुढे ढकला, आगाऊ पैसे बुडाले तरी.

नंदुरबार-नवापूरकरांना सुरत जवळ, शिवाय तापीही तिथेच समुद्राला मिळते, म्हणून मोह होतो. पण खंभातच्या आखाताच्या त्या तोंडाशी पाणी गढूळ आणि ओढ जबर. नवख्यांनी अलिबाग, मुरूड, हर्णे अशी कोकणातली बंदरं धरावीत. धुळे-जळगावहून पोचेपर्यंत दिवस जातो. त्याच संध्याकाळी बोटीत चढू नका. जागरण झालेल्याला बोट हमखास लागते.

पैसे देण्याआधी तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) विचारा: माणसं न्यायची परवानगी आहे का, माणशी लाइफ जॅकेट आहे का, वायरलेस चालू आहे का, शौचाची सोय काय. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरी बोट बघा. सहा ते आठ जण पुरे, कारण त्याहून जास्त गळ एका बोटीवरून नीट सुटत नाहीत. प्रत्येकाने आधार कार्ड जवळ ठेवावं. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये घाला, पण किनाऱ्यापासून लांब गेल्यावर रेंज नसते, तिथे वायरलेसच कामाचा.

नदीवरची तरंगी आणि कणकेच्या गोळ्या घरीच ठेवा. कणीक खाऱ्या पाण्यात विरघळते आणि इथल्या माशाला मांस हवं. माकूल (स्क्विड), कोळंबी किंवा बांगड्याच्या बोटभर पट्ट्या लावा. माकूल गळावर सर्वांत जास्त टिकतं. हातदोरीसाठी ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा तंगूस माणशी शंभर मीटर, खाली १५० ते २५० ग्रॅम शिसं, त्याच्या वर हातभर अंतराने दोन गळ. शिसं तळाला टेकलं की दोन हात वर घ्या, नाहीतर ते खडकात अडकतं. तर्जनीला तंगूस धरून बसा, पण बोटाला गुंडाळू नका. मोठा मासा लागला तर बोट कापतं. मासे गोळा करायला एलईडीचा झोत सोडू नका, त्यावर बंदी आहे. डोक्याला लावायचा टॉर्च लाल उजेडाचा असेल तर अंधाराला सरावलेली नजर टिकते.

शिंगाळा या माशाच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक विषारी काटा असतो. जाड कापडात धरा आणि पकडीने गळ काढा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात जखम अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, मग डॉक्टर. वाम जोरात चावते. गळाला समुद्रसाप आला तर बोटीत न घेता तंगूस कापा.

बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी तासभर घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. डिझेलच्या धुरापासून लांब, बोटीच्या मध्यावर बसा आणि मोबाईलकडे बघू नका. शेवभाजी घरी आल्यावर. बोटीवर कळण्याची भाकरी आणि केळी, माणशी चार लिटर पाणी. ठेच्याशिवाय कळण्याची भाकरी ही शिक्षाच, पण एका रात्रीपुरती. दारू नको, तोल जातो.

परतीचा खरा प्रश्न बर्फाचा. मासा वर येताच कल्ले आणि आतडी काढा आणि लगेच बर्फात घाला. किलोला किलो फोडलेला बर्फ. मार्चनंतर दुप्पट, कारण इगतपुरी ओलांडली की ऊन वाढत जातं. थर असे: बर्फ, मासा, बर्फ. थर्माकोलच्या खोक्याला तळाशी भोक ठेवून बूच लावा. नाशिकला थांबून साचलेलं पाणी सोडा आणि नवा बर्फ भरा, कारण त्या पाण्यात बसलेला मासा मऊ पडतो. सुरमई, बांगडा, कुपा यांना उन्हाचा झटका बसला तर मांसात हिस्टामिन तयार होतं. ते कितीही शिजवलं तरी जात नाही. असा मासा खाल्ला तर चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते. अशा माशाला वास येईलच असंही नाही. वाटेत बर्फ संपून मासा कोमट झाला असेल, तर तो फेकून द्या.