लेससाठी रेशीम घेताना चमक नको, पीळ बघा

नागपूरच्या इतवारी-गांधीबागेत लेससाठी रेशीम मागितलं की बहुतेकदा सगळ्यात चकचकीत लडी पुढे येते. ती भरतकामाची असते, जवळजवळ बिनपिळाची. क्रोशाच्या सुईत तिचे तंतू सुटे सुटे अडकतात आणि दोनदा उसवलं की धागा पिंजतो. लेसला दोन किंवा तीन पदरी, घट्ट पिळाचाच धागा हवा.

पीळ दुकानातच कळतो. हातभर धागा सोडवा, दोन्ही टोकं जवळ आणा आणि मधला भाग लोंबू द्या. मोकळा लोंबला तर पीळ बरोबर. स्वतःभोवतीच वेटोळे घेऊ लागला तर पीळ जास्त आहे, विणलेली पट्टी तिरकी जाईल. मग टोक चिमटीत धरून हलकेच उलटं फिरवा; पदर लगेच सुटले तर ती लडी, कितीही सुंदर दिसली तरी, परत द्या.

जाडीचा घोळ वेगळा. नमुन्यात 40 नंबरचं सूत लिहिलेलं असतं, रेशमावर मात्र डेनियर, म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. हिशेब करत बसू नका. ते सूत मोजपट्टीवर 1 सेंमी रुंदीत शेजारी शेजारी गुंडाळून वेढे मोजा, तसंच रेशमाचे मोजा. रेशमाचे वेढे बरेच कमी भरले तर धागा जाड आहे, त्याच सुईने जाळी बुजेल. जास्त भरले तर जाळी ढिली पडेल.

आपल्याकडे गडचिरोली-भंडाऱ्याचा कोसा मिळतो, ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या अळ्यांचा. त्याचा मूळचा मधाळ रंग शालीच्या रुंद काठाला फार शोभतो. पण तंतू तुतीच्या रेशमापेक्षा जाड, धागाही बरेचदा गाठाळ. टॅटिंगमध्ये, म्हणजे शटलने गाठी मारत केलेल्या लेसमध्ये, आतला धागा गाठींतून सरकावा लागतो, तिथे कोसा अडतो. बारीक पाकळ्यांना तुतीचंच रेशीम घ्या.

शंका आली तर दोन इंच धागा चिमट्यात धरून जाळा. रेशीम हळू जळतं, जळक्या केसांचा वास येतो, काळी राख बोटांनी चुरते. कागदासारखं भुर्रकन जळलं तर ते व्हिस्कोस. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर.

गडद लाल-हिरवा घेतला तर ओल्या पांढऱ्या कापडात तुकडा दाबून रंग सुटतो का बघा. लागेल तेवढ्या लड्या एकाच लॉटच्या, एकदमच घ्या. पुढच्या लॉटची छटा जुळेलच असं नाही. काम सुरू करण्याआधी 5 सेंमीचा चौकोन विणून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा आणि पुन्हा मोजा. क्लोरीनचं ब्लीच मात्र अजिबात नको, रेशीम त्याने पिवळं पडून कुजतं.